खालच्या गावाची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. सध्या माझा मुक्काम कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे, छप्पर म्हणून. माझी लांबी चार फूट, रुंदी दीड फूट आणि जाडी दोन मिलिमीटर. त्यातली थोडी जाडी गंजाने नेली आहे. कोंबड्यांना वाचता येत नाही. इतक्या वर्षांत मला भेटलेले हे पहिले समंजस प्राणी.

मित्रांनो, गावात शिरताना तुम्ही पाटी वाचता, पाटीकडे बघत मात्र नाही. त्याचे मला दुःख नाही. मला कीव येते ती रंगवणाऱ्यांची. हातात ब्रश आला की माणसाला वाटते, गाव आपणच वसवले.

माझा जन्म भट्टीतला. लोखंडी पत्र्यावर काचेची भुकटी पसरून तो आठशे अंशांवर भाजला की मुलामा बसतो. तो रंग नसतो, काच असते. उन्हाने ती विटत नाही आणि पावसाने धुपत नाही. सायप्रस बेटावर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. इंग्रजांना दुसऱ्याच्या घरावर नावाची पाटी लावण्याची भारी हौस. माझ्यावर त्यांनी पांढऱ्या जमिनीवर काळ्या अक्षरांत, एकदा ग्रीकमध्ये आणि एकदा इंग्रजीत लिहिले : कातो कालामुथी. म्हणजे खालचे कालामुथी. मग मला डोंगराच्या धारेवर नेले आणि गावाच्या तोंडाशी असलेल्या कॉफीच्या दुकानाच्या भिंतीवर ठोकले.

तुम्ही म्हणाल, खालचे गाव डोंगराच्या धारेवर कसे? हा प्रश्न तुम्हाला पडला, म्हणजे तुम्ही सरकारी नोकरीत नाही.

कालामुथी या नावाबद्दल गावात तीन मते होती. पाद्रीबुवांच्या मते, एका संताने तिथे काठी रोवली आणि तिला पालवी फुटली, त्यावरून नाव पडले. मास्तरांच्या मते, कालामो नावाची राजकन्या होती आणि ती समुद्रातून आली. कॉफी पिणाऱ्यांचे मत इथे सांगण्यासारखे नाही. खरी गोष्ट अशी की दरीच्या तळाशी ओढा होता आणि ओढ्याकाठी देवनळाची, म्हणजे बांबूसारख्या उंच बोरूची, दाटी होती. ग्रीक भाषेत देवनळाला कालामी म्हणतात. इतके साधे कारण कुणालाच पुरत नसे. माणसाला आपल्या गावामागे संत तरी लागतो, नाहीतर राजकन्या.

त्या ओढ्याकाठचे ते खालचे गाव, आणि उतारावर अर्ध्या वाटेत असलेले ते वरचे गाव, पानो कालामुथी. मग खालच्या गावात हिवताप आला. डास साचलेल्या पाण्यात वाढतो, वाऱ्यावर त्याचा टिकाव लागत नाही. दोन वर्षांत चाळीस माणसे गेली, तेव्हा उरलेल्यांनी चंबूगबाळे उचलले. वरच्या गावाने त्यांना जागा दिली नाही. "तुमचा ताप तुमच्याजवळच ठेवा," असे सांगितले. म्हणून ते वरचे गाव ओलांडून थेट धारेवर गेले, आणि जाताना आपले नाव बरोबर घेऊन गेले. तेव्हापासून खालचे गाव वर आणि वरचे गाव खाली. समुद्रसपाटीपासून खालचे दोनशे साठ मीटर आणि वरचे दोनशे तीस. नाव बदलण्याची सूचना एकदा निघाली होती. तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "आम्ही खालचे म्हणून जन्मलो. आता उंचावर बसलो म्हणून वरचे झालो तर त्या पानोवाल्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?" हा युक्तिवाद सर्वांना पटला. गाढवपणा सर्वांना एकदम पटला की त्याला परंपरा म्हणतात.

तरी एक मान्य करते. गावातल्या प्रत्येकाला हे माहीत होते. पाळण्यातल्या पोरालाही माहीत होते की खाली जायचे असेल तर चढ चढावा लागतो.

माझी कामाची वर्षे तशी बरी गेली. वऱ्हाडे माझ्याखालून गेली. शिकारी हंगामाच्या आधी माझ्यावर नेम धरीत. माझ्या डाव्या कोपऱ्यात सात छर्रे आहेत आणि नेम उजव्या कोपऱ्यावर होता. मग इंग्रजांविरुद्ध वारे फिरले आणि मिशा फुटू लागलेल्या चार वीरांनी माझ्यावर निळ्या रंगात घोषणा लिहिली : बेट मायदेशाला जोडा. मायदेश म्हणजे ग्रीस. मध्ये शेकडो मैल समुद्र होता, पण समुद्राचा विचार घोषणेत बसत नाही. बेटाच्या दक्षिणेकडच्या तुर्की गावांत तेव्हा भिंतींवर लाल रंगात लिहिले जात होते : बेट कापा. जोडणारे आणि कापणारे दोघेही इंग्रजांनी काढलेलाच नकाशा वापरीत.

मग एका उन्हाळ्यात उत्तर किनाऱ्यावर तुर्की लष्कर उतरले आणि बेट खरोखरच कापले गेले : उत्तर तुर्कांकडे, दक्षिण ग्रीकांकडे, मध्ये काटेरी तार. आमचे गाव एका सकाळी रिकामे झाले. एका बाईने दाराला कुलूप लावले, पाच पावले गेली, परत येऊन कुलूप काढले, दारातल्या तुळशीसारख्या रोपाला पाणी घातले, पुन्हा कुलूप लावले आणि किल्ली घेऊन दक्षिणेला गेली. यापेक्षा जास्त मी सांगत नाही. त्या दिवशी सांगण्यासारखे शहाणपणाचे एकच काम झाले, ते हे.

काही महिन्यांनी दक्षिणेतून तुर्की माणसे आली. तीही अशीच कुलपे लावून आली होती. एकतीस कुटुंबे, सगळी हारनिप्ली नावाच्या गावातली. हारनिप म्हणजे काळ्या गोड शेंगांचे झाड. त्या झाडांचे गाव ते हारनिप्ली. त्यांच्यात सिदिका होती, शिवणकाम करणारी विधवा, वय चाळीस. ती डोंगरवाटेने चालत आली होती. तिची आई पेंबे अठ्ठ्याहत्तर वर्षांची, डोळ्यांनी अधू. तिला चालवले नसते. ती मागे हारनिप्लीत राहिली होती. संयुक्त राष्ट्रांचे निळ्या टोप्यांचे शिपाई मागे राहिलेल्यांना शरद ऋतूपर्यंत ट्रकने आणून सोडणार असा करार झाला होता. कागदावर माणसाचे नाव आणि उतरायच्या गावाचे नाव.

नव्या रहिवाशांनी आपापल्या गावांसाठी नावे सुचवावीत असा हुकूम निघाला. बैठक माझ्याखालीच झाली. एका शिक्षकाला काहीतरी तेजस्वी नाव हवे होते. सिदिका शिवण खाली ठेवून म्हणाली, "मास्तर, तुमचं तेज राहू द्या. माझी म्हातारी येणार आहे. तिला जगात एकच गाव ठाऊक आहे. ट्रकवाल्यानं विचारलं, कुठं उतरणार, तर ती काय सांगेल?"

"हारनिप्ली," कुणीतरी म्हणाले.

"मग झालं तर."

सगळ्यांनी अंगठे दिले. अर्जात लिहिले : कातो कालामुथी या गावास हारनिप्ली म्हणावे. अर्ज राजधानीत मंजूर झाला. इथपर्यंत सर्व काही बरोबर होते, म्हणून मला काळजी वाटू लागली.

उन्हाळ्यात नाव-समितीचा कारकून आला, नेवझात बे, म्हणजे नेवझातराव. चार पेन्सिली, चारही टोकदार. हातात यादी. यादीत लिहिलेले : कातो कालामुथी, नवे नाव हारनिप्ली. पानो कालामुथी, नवे नाव झाफेरली. झाफेर म्हणजे विजय. पानोत द्राक्षमळ्यांच्या कुठल्याशा गावातून हाकलले गेलेले वीस संसार राहत होते. त्यांनी अर्जच केला नव्हता, म्हणून समितीने त्यांना विजय बहाल केला होता.

नेवझात बेने डोंगर पाहिला, दरी पाहिली, यादी पाहिली.

"बाई, ह्या गावाच्या वर आणखी वस्ती आहे का?"

सिदिका दारात बाही शिवत होती. "वर बकऱ्या असतात, साहेब. आणि त्यांच्या वर अल्ला."

"म्हणजे वस्ती नाही. मग हेच वरचं गाव. पानो."

"पाटीवर कातो लिहिलंय. मला थोडं ग्रीक वाचता येतं. कातो म्हणजे खालचं."

त्याने चष्मा पुसला आणि मला नीट वाचले. मित्रांनो, त्या क्षणी मला आशा वाटली होती. माझ्यावर खरे लिहिलेले होते आणि समोर साक्षर माणूस उभा होता.

"लबाड लेकाचे!" तो म्हणाला. "जाता जाता पाट्यांची अदलाबदल करून गेले. आपल्या फौजेची दिशाभूल करायला!"

"साहेब, ती माणसं चपला न घालता पळाली म्हणतात. पाट्या कधी बदलणार?"

"तुम्हाला ते लोक माहीत नाहीत."

"चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले की त्यांच्या."

"म्हणूनच तुम्ही भोळ्या राहिलात," नेवझात बे म्हणाला आणि त्याने पेन्सिलीने खूण केली.

दोन गावांच्या वाटेवर पाच मिनिटांचा उतार आहे. तेवढ्या उतारासाठी पळत्या माणसांनी स्क्रू काढून, पाट्या वाहून, पुन्हा स्क्रू बसवले, असे त्याला खरे वाटले. आणि एखाद्या गावाचे नाव उंची न मोजता पडले असेल हे मात्र त्याच्या डोक्यात शिरले नाही. खरे कारण सांगू शकणारी सातशे माणसे होती. ती सगळी तारेच्या पलीकडे, तंबूंत. दहा कोसांच्या परिघात ते सांगू शकेल असे एकही माणूस उरले नव्हते. ज्यांना माहीत आहे त्यांना हाकलायचे आणि मग नावे ठेवायला बसायचे, ही पद्धत आमच्या बेटाची.

सिदिका त्याच्या मागे मोटारीपर्यंत गेली. "अहो, पण अर्ज आम्ही केला. हारनिप्लीचे आम्ही."

"अर्ज खालच्या गावासाठी आहे. तुम्ही वरच्या गावात राहता."

"मग आम्ही खाली राहायला जाऊ काय?"

"तो तुमचा प्रश्न. यादी बदलत नाही."

मला भिंतीवरून काढले आणि खाली पानोत नेऊन रस्त्याकडेच्या खांबावर बसवले, माझ्या 'मूळ जागी'. जाड पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि वर लिहिले : हारनिप्ली. पानोची पाटी धारेवर गेली आणि झाफेरली झाली. लबाड म्हणून माझी बदली झाली होती. चाळीस माणसांच्या मरणाने धारेवर आलेले नाव एका टोकदार पेन्सिलीने खोटे ठरवले होते.

पानोचा मुख्तार, म्हणजे गावप्रमुख, हुलूसी नावाचा जाडगेला, आळशी, दिलदार माणूस होता. सिदिका त्याला भेटायला आली. "हुलूसीमामा, ही पाटी आमची आहे."

"घेऊन जा गं पोरी. आम्हाला विजय काय अन् शेंगा काय. नळाला पाणी कधी येणार तेवढं त्या साहेबाला विचार."

"घेऊन गेले तर?"

"तर तुरुंगात जाशील. सरकारी पत्रा आहे. रीतसर कर काय ते."

तिने रीतसर अर्ज केला. उत्तराची वाट पाहत सप्टेंबर उजाडला. ट्रक येऊ लागले होते, पण कोणत्या दिवशी कोण येईल ते कुणी सांगेना. म्हणून सिदिका रोज सकाळी धारेवरून उतरून माझ्याखाली येऊन बसे. कापड बरोबर आणी. अकरा दिवस तिने माझ्या सावलीत शिवण केली. माझी सावली चार फूट बाय दीड फूट. सूर्य वर येईल तशी ती सरकायची आणि तिच्याबरोबर सिदिकाही. अकरा दिवस तिथे एकही ट्रक थांबला नाही. बाराव्या दिवशी तिला शहरातून बोलावणे आले. पाटीच्या अर्जाबाबत समक्ष हजर राहावे.

त्याच दिवशी दहा वाजता ट्रक आला. निळ्या टोपीच्या शिपायाने कागद वाचला, मला वाचले, आणि एका वाकलेल्या बाईला हाताला धरून खाली उतरवले. त्याचे काहीच चुकले नाही. कागदावर हारनिप्ली होते, माझ्यावरही हारनिप्ली होते. गाठोडे तिच्या पायाशी ठेवून, सलाम करून तो निघून गेला.

"सिदिका?" म्हातारी म्हणाली.

हुलूसी धावत आला. "या आजी, या. आमच्याकडे चला, ऊन फार आहे."

"माझी सिदिका कुठाय?"

"शहरात गेली आहे. येईल इतक्यात."

म्हातारीने गाठोडे छातीशी धरले. मग खाली बसली, माझ्या खांबाला पाठ लावून.

"हे मला एकदा सांगितलंय," ती म्हणाली. "माझ्या जावयाच्या वेळेला. शहरात गेलाय, येईल इतक्यात. अकरा वर्षं झाली."

"नाही हो आजी, खरंच शहरात गेली आहे! पाटीच्या कामाला."

"पाटीच्या कामाला! कुणी जातं का पाटीच्या कामाला? नीट तरी थाप मार रे बाबा." तिने हाताने जमीन चाचपली. "ही हारनिप्ली ना?"

"पाटीवर तसं लिहिलंय."

"हारनिप्लीत माझी पोर नाही. शेजारीण नाही. एक ओळखीचा आवाज नाही. सगळे मेले, आणि तू मला पाणी पाजतोस."

बायका पेला घेऊन आल्या, तिने तोंड फिरवले. मोठ्याने रडली असती तर बरे झाले असते. ती फक्त हळू आवाजात गावातली नावे घेत होती, एकेका घराची, रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि प्रत्येक नावापुढे मेलेल्यासाठीचे दोन शब्द म्हणत होती. ती एकतीसही घरे तिथून पाच मिनिटांच्या चढावर होती. त्यांची छपरे माझ्या जागेवरून दिसत होती. तिला दिसत नव्हती. सगळे वर धारेवर जिवंत आहेत असे हुलूसीने शपथेवर सांगितले, तीही तिला थापच वाटली. हुलूसीने एका माणसाला धारेवर पिटाळले, पण तिथली सगळी माणसे त्या दिवशी तंबाखूच्या तोडणीला पलीकडच्या शेतात गेली होती.

मित्रांनो, मी पत्रा आहे. पत्र्याला लाज नसते, ती रंगवणाऱ्याला असावी अशी अपेक्षा असते. पण दहा ते चार, सहा तास, मी त्या बाईच्या डोक्यावर एक खोटे धरून उभी होते. माझ्यावर तेच एक नाव होते ज्याच्या भरवशावर ती साठ मैल आली. त्याच नावाने तिला एका दुपारात एकतीस घरे पुरायला लावली.

चार वाजता शहराची बस थांबली. सिदिका उतरली आणि जागच्या जागी ओरडली, "आई! डोक्यावर फडकं कुठाय तुझं? ह्या उन्हात? आणि ओठ बघ कसे झालेत, पाणी का नाही प्यालीस? वेड लागलंय का तुला?"

म्हातारीने मान वर केली. थोडा वेळ ऐकले.

"हीच ती," ती हुलूसीला म्हणाली. "दुसरं कोण माझ्यावर असं खेकसेल? आण आता पाणी."

दोन पेले पिऊन झाल्यावर सिदिकाने तिला उठवले. "चल, घरी जाऊ. वर आहे घर, धारेवर. सगळे तिथेच आहेत."

"त्या गावाचं नाव काय?"

सिदिकाने गाठोडे उचलले. खोटे बोलली असती तर प्रश्न मिटला असता. "झाफेरली," ती म्हणाली.

"विजय?" म्हातारी पुन्हा खाली बसली. "कुणाचा गं? तुझा की माझा? जावयाचा? जा तू तुझ्या विजयात. मी हारनिप्लीची, माझ्या कागदावर हारनिप्ली आहे, मी इथंच मरेन."

"आई, इथं कुणी आपलं नाही."

"हा जाड्या आहे की. वाईट नाही माणूस."

हुलूसीने डोके खाजवले. शहरात काय झाले ते त्याने सिदिकाला विचारले. ती म्हणाली, अर्ज पाहिला गेला, यादी बदलत नाही असे उत्तर मिळाले आणि त्या उत्तराची पोच म्हणून सही घेतली गेली. हुलूसीने माझ्याकडे पाहिले. मग घरात जाऊन पाना घेऊन आला. रीतसर कर म्हणणारा तो हाच माणूस. त्याच्या आळसाबद्दल मी जे काही म्हटले ते मागे घेते.

त्या संध्याकाळी उजेड होता तोवरच मला खांबावरून उतरवले. हुलूसीच्या ट्रॅक्टरमागच्या गाडीत मी आडवी आणि माझ्यावर पेंबे आजी बसलेली, अशा आम्ही धारेवर गेलो. तंबाखूवरून परतलेली माणसे वाटेतच भेटली आणि म्हातारीने एकेकाचा चेहरा हाताने चाचपून मघाशी त्यांना मेलेले मानल्याबद्दल माफी मागितली. "मला किती वाजता मारलंस, आजी?" एकाने विचारले. "तुला शेवटी," ती म्हणाली, "तुझं घर टोकाला ना."

आठवड्याने नेवझात बे आला, बरोबर पोलीस घेऊन. मी कॉफीच्या दुकानाच्या भिंतीवर होते, झाफेरलीची पाटी खाली पानोच्या खांबावर गेली होती आणि माझ्याखाली खुर्ची टाकून पेंबे आजी बसली होती.

"ही पाटी इथे कुणी आणली?"

"मी," म्हातारी म्हणाली. "बसून आणली."

"आजी, उठा. हे झाफेरली आहे."

"तू कुठला रे पोरा?"

"मी राजधानीचा."

"म्हणजे तारेच्या अलीकडचा. तुझ्या गावाचं नाव कुणी बदललं नाही. घर आहे, आई आहे?"

"आहे."

"ती कोणत्या गावात राहते ते तिला विचारतोस, की यादीत बघतोस?"

पोलिसाने हसू दाबण्यासाठी खोकला काढला. तिला उठवावे म्हणून नेवझात बेने पोलिसाकडे पाहिले, पण पोलिसाच्या बुटाची नाडी सुटली होती आणि ती बांधायला त्याला बराच वेळ लागला. कारकुनाची अडचण मला समजत होती. पाटी हलवली असे लिहावे तर ती आधी चुकीच्या जागी होती का, असा प्रश्न येणार. शेवटी त्याने पेन्सिल काढून लिहिले : समक्ष तपासणी केली. सर्व पाट्या योग्य ठिकाणी आढळल्या. आयुष्यात त्याने लिहिलेले हे पहिले खरे वाक्य, आणि तेही त्याने खोटे समजून लिहिले. नव्या नावांचा नकाशा मात्र छापून झाला होता. त्या नकाशात आजही दोन्ही नावे उलटी आहेत, आणि मोजणीला येणारे लोक आजही उलट्या गावात जाऊन परत येतात.

पेंबे आजी त्याच हिवाळ्यात गेली. तिच्या दगडावर गावकऱ्यांनी कोरले : जन्म हारनिप्ली, मृत्यू हारनिप्ली. वाचणाऱ्याला वाटावे, ही बाई जन्मात कधी गावाबाहेर गेली नाही.

सव्वीस-सत्तावीस वर्षांनी तारेतली फाटके उघडली. जुनी माणसे आपली घरे बघायला येऊ लागली. एक दिवस लोइझोस नावाचा साठीचा ग्रीक माणूस आला. इथेच जन्मलेला. तो माझ्यापुढे थांबला. सिदिका, आता ती स्वतः म्हातारी, भिंतीशी बसून शेंगा निवडत होती. तिला त्याची भाषा येत होती.

"हे खालचं गाव," तो म्हणाला. "माझं."

"पाटीवर पूर्वी तसंच होतं, भाऊ, पण ते कुणालाच पटलं नाही. खालचं खाली. हे वरचं."

तो इतका हसला की त्याला बसावे लागले. मग त्याने सांगितले : ओढा, देवनळ, हिवताप, चाळीस माणसे, जागा नाकारणारे पानो. सिदिकाच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी माझी आई सहा तास उन्हात बसली? इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?"

"विचारलंत कधी?"

"कुणाला विचारणार? तारेजवळ उभी राहून ओरडू?"

"मग मी तरी कुणाला सांगणार होतो?"

तिने त्याला कॉफी दिली. ती पिऊन झाल्यावर त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि नखाने माझा रंग खरवडून पाहिला. "आमचं नाव खाली असेल. मुलामा पक्का असतो. थोडं खरवडू? एकच अक्षर बघतो."

मित्रांनो, मी वाट पाहत होते.

"नको," सिदिका म्हणाली.

"एकच अक्षर."

"एक अक्षर गेलं की बाकीची पडायला वेळ लागत नाही. माझ्या आईनं ह्या नावाखाली खुर्ची टाकली होती." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "मला ठाऊक आहे मी काय म्हणते आहे ते. तुमच्या जागी मी असते तर विचारलंही नसतं, खरवडलं असतं. तरी पण नको."

लोइझोसने किल्ल्या खिशात ठेवल्या. त्याला राग आला होता, आणि तो रास्त होता. मी दोघांनाही ओळखते. दोघांचीही बाजू बरोबर होती. माझ्यावर जागा मात्र एकाच नावाची होती. आयुष्यभर मी माणसांना तुच्छ मानत आले. त्या दिवशी मला प्रथमच तुच्छ वाटले ते चार फूट बाय दीड फूट.

निघताना तो म्हणाला, "मग एक करा. गाव वर असून खालचं का, ते तुमच्या पोरांना सांगा. ते कुठं लिहिलेलं नाही."

ती सांगते. शाळेतली पोरे तिच्या दारावरून जातात तेव्हा त्यांना थांबवून सांगते, आणि पोरे कंटाळून ऐकतात. पुढे सरकारने चकचकीत नवी पाटी पाठवली. माझे स्क्रू काढले आणि मी इथे आले.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तूंनी तुमच्याकडे काहीतरी मागायचे असते. मला तेल नको, रंग तर नकोच. गंज माझे मी सांभाळते. पण उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हातात यादी येईल, टोकदार पेन्सिल येईल, आणि समोर एखादे गाव येईल. नाव लिहिण्यापूर्वी तिथे जन्मलेल्या एका माणसाला शोधा आणि त्याला विचारा. तो पळून गेला असेल तर तो गेला तिथे जा. तारेच्या पलीकडे असेल तर तार ओलांडा. आणि तेवढे चालायची तयारी नसेल, तर पेन्सिल खाली ठेवा.